डिव्हिजन थ्री म्हणजे थर्ड क्लास नव्हे!

शनिवारची सकाळ. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत रिलीजचा कॉल चालला होता, त्यामुळे डोळे अर्धवट उघडे, हातात चहा आणि समोर न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर माझी आतेबहीण. त्यांच्याकडे शुक्रवारची रात्र. बातमी खरं तर आनंदाची होती. माझ्या भाचीला एका कॉलेजच्या पोहण्याच्या कोचने विचारणा केलीय. पोरगी सहा वर्षं पहाटे साडेचारला उठून तलावावर जातेय, केसांचा क्लोरिनने पार झाडू झालाय, खांदा दोनदा दुखावून झालाय. मला वाटलं, चला, चीज झालं.

"पण डिव्हिजन थ्री आहे रे," ताई म्हणाली. घरातल्या कुणाचं तरी आजारपण सांगावं तसा आवाज.

मागून भाओजी: "वन नाही, टू नाही, डायरेक्ट थ्री! लोकांना काय सांगायचं?"

आणि सध्या तिकडेच मुक्कामाला असलेल्या आत्याचा निरागस प्रश्न: "म्हणजे थर्ड क्लास का गं?"

पोरगी तिथेच सोफ्यावर बसून हे सगळं ऐकत होती. मंडळी, माझी सटकली. भाओजींना उलटं बोलायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता इथे बोलतो.

आत्याचा दोष नाही. एक, दोन, तीन म्हटलं की आपल्या डोक्यात डबेच येतात. आपल्या रेल्वेने थर्ड क्लास १९७४ साली बंद केला. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांनी आपली डिव्हिजन थ्री सुरू केली त्याच्या एकच वर्ष आधी, १९७३ साली. पण ह्या आकड्यांचा आणि खेळाच्या दर्जाचा संबंध लोक समजतात तसा नाहीच. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये वर-खाली जाणारे संघ असतात, हरलात की खाली, जिंकलात की वर. एनसीएएमध्ये (म्हणजे तिकडच्या कॉलेज-खेळांची मुख्य संस्था) असं काही नाही. कॉलेज स्वतः ठरवतं आपण कुठे बसायचं. किती खेळांचे संघ चालवणार, खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती देणार की नाही, आणि पैसा किती ओतणार, ह्यावर ते ठरतं. वनमध्ये खेळासाठी पूर्ण शिष्यवृत्ती मिळू शकते, टूमध्ये बहुतेक वेळा थोडीथोडी वाटून, आणि थ्रीमध्ये खेळासाठी एक पैसाही नाही. अभ्यासावर किंवा घरच्या परिस्थितीवर मिळेल ती मदत, बस्स.

एमआयटी डिव्हिजन थ्रीमध्ये आहे. कॅलटेकसुद्धा. कॅलटेकच्या मुलांचा बास्केटबॉल संघ तर आपल्या लीगमधले सलग ३१० सामने हरला होता! तीनशे दहा! २०११ च्या फेब्रुवारीत ती मालिका तुटली, ऑक्सिडेंटल कॉलेजला त्यांनी ४६-४५ असं हरवलं. एका गुणाने. आता सांगा, कॅलटेक थर्ड क्लास म्हणायची हिंमत आहे कुणाची? निदान आपल्या इंजिनीयर जमातीतल्या कुणाची?

पण "दर्जाचा संबंध नाही" एवढं म्हणून सोडून दिलं तर तो अर्धाच मुद्दा झाला. ह्या डिव्हिजन्स पाडल्या कुणी आणि कशासाठी, हे बघितलं तर भाओजींची लाज भलत्याच जागी आहे हे कळतं.

सुरुवातीपासूनच बघा. अमेरिकेतल्या कॉलेजांमधली पहिली स्पर्धा १८५२ ची, न्यू हॅम्पशरमधल्या विनिपसॉकी तलावावर, हार्वर्ड विरुद्ध येल, होड्यांची शर्यत. प्रायोजक कोण? एक रेल्वे कंपनी! त्या लाइनवर प्रवासी यावेत म्हणून. म्हणजे "पूर्वी सगळं कसं निर्मळ होतं, पैसा नंतर शिरला" हे गाणं गाणाऱ्यांनी पहिल्याच पानावर थांबावं. पैसा पहिल्या दिवसापासून होता.

पुढे फुटबॉल आला (तो हेल्मेटवाला, आपला नव्हे). १९०५ च्या हंगामात खेळताना दीडएक डझन मुलं मेली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून झापलं. त्या गदारोळातून १९०६ साली ६२ कॉलेजांची एक संघटना झाली, १९१० मध्ये तिचं नाव एनसीएए पडलं. म्हणजे जन्म झाला तो पोरांचा जीव वाचवायला. हे लक्षात ठेवा, कारण पुढची पन्नास वर्षं भांडण झालं ते मात्र पैसे द्यायचे की नाहीत ह्यावर.

१९४८ साली त्यांनी एक नियमावली आणली, नाव काय तर "सॅनिटी कोड". खेळाच्या बदल्यात पैसे द्यायचे नाहीत, मदत गरजेप्रमाणे. ७ कॉलेजांनी उघड सांगितलं, आम्ही पाळत नाही. १९५० मध्ये त्यांना हाकलायचा ठराव आला, लागणारी दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत, आणि १९५१ मध्ये कोडच गुंडाळला. आपण प्रॉडक्शनमध्ये एरर आला की व्हॅलिडेशनच काढून टाकतो ना, अगदी तसंच. १९५६ साली मग खेळासाठी पूर्ण शिष्यवृत्तीला रीतसर परवानगी दिली. आणि ह्याच सुमारास पहिली फाळणी झाली: मोठ्यांची युनिव्हर्सिटी डिव्हिजन आणि छोट्यांची कॉलेज डिव्हिजन.

आता इथे जरा थांबतो, कारण सगळी मेख ह्या दोन-तीन वर्षांत आहे.

१९५५ साली कोलोरॅडोमधल्या फोर्ट लुईस ह्या छोट्या कॉलेजकडून फुटबॉल खेळताना रे डेनिसन नावाच्या मुलाला डोक्याला मार बसला आणि तो मेला. कामावर असताना माणूस गेला तर बायकोला जी भरपाई मिळते, ती त्याच्या विधवेने मागितली. प्रश्न साधा होता: शिष्यवृत्तीवर खेळणारा मुलगा हा कॉलेजचा नोकर की नाही? १९५७ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नाही. कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही. दावा फेटाळला.

त्याच काळात एनसीएएचे सर्वेसर्वा होते वॉल्टर बायर्स. १९५१ ते १९८८, सदतीस वर्षं एकच माणूस. खेळाडू नोकर ठरू नयेत म्हणून "स्टुडंट-अ‍ॅथलीट" हा शब्द त्यांनी घडवला आणि सगळीकडे सक्तीने वापरायला लावला. हा माझा आरोप नाही, बायर्सनी स्वतः १९९५ च्या आपल्या पुस्तकात हे सगळं कबूल केलंय, आणि ह्या व्यवस्थेवर सडकून टीकाही केलीय. रिटायर झाल्यावर सत्य सुचणारे मॅनेजर सगळीकडेच असतात म्हणा!

तर बघा हं. फोर्ट लुईस तेव्हाही लहान होतं आणि आजही डिव्हिजन टूमध्ये आहे. "आम्ही धंद्यात नाही" हे त्याच्या बाबतीत खरंही असेल. पण ह्या निकालाचा फायदा झाला कुणाला? लाखभर प्रेक्षकांची स्टेडियम्स भरवणाऱ्यांना. म्हणजे छोट्यांच्या साधेपणाच्या पांघरुणाखाली मोठ्यांनी आपलं दुकान चालवलं. माझा मूळ मुद्दा हाच आहे. सगळे एकाच संस्थेत राहायचे ते ह्यासाठी. कोर्टात उभं राहिलं की डिव्हिजन थ्रीतल्या होतकरू पोरांकडे बोट दाखवायचं, "पाहा, शिक्षणाचा भाग आहे", आणि घरी आलं की वेगळं ताट मांडायचं.

ताट वेगळं मांडायची तारीख १९७३. ऑगस्टमध्ये शिकागोला खास अधिवेशन भरलं आणि वन, टू, थ्री झाल्या. तोवर प्रत्येक कॉलेजला एक मत होतं आणि छोटी कॉलेजं संख्येने जास्त. फुटबॉलला किती शिष्यवृत्त्या असाव्यात ह्यावर ज्यांच्याकडे फुटबॉलचा संघच नाही तेही मत देणार, हे मोठ्यांना खुपत होतं. मान्य, त्यात थोडं तथ्य आहे. पण लगेच पुढे काय झालं ते पाहा. १९७५ मध्ये लाँग बीचच्या सरकारी विद्यापीठाचे अध्यक्ष स्टीफन हॉर्न ह्यांनी सुचवलं की फुटबॉलचा टीव्हीचा पैसा सगळ्या डिव्हिजन्समध्ये वाटू या. लोकांनी त्याला "रॉबिन हूड" योजना म्हटलं. योजना बारगळलीच, पण मोठ्या कॉलेजांची घाबरगुंडी उडाली आणि त्यांनी स्वतःची वेगळी फुटबॉल संघटना काढली. १९७८ मध्ये डिव्हिजन वन पुन्हा फोडली, फुटबॉलपुरती वन-ए आणि वन-डबल ए. (२००६ मध्ये ह्यांची नावं बदलून एफबीएस आणि एफसीएस केली. अशी नावं फक्त कमिटीलाच सुचतात.)

वन-एमध्ये राहायचं तर स्टेडियम केवढं, प्रेक्षक किती, ह्याच्या अटी होत्या. त्या अटींमुळे १९८२ पासून अख्खी आयव्ही लीग खाली गेली! ज्या हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनने हा खेळ अमेरिकेत रुजवला, ज्यांना रूझवेल्टनी बोलावलं होतं, त्यांना सांगितलं, तुमची गर्दी कमी पडते. खेळ वाईट आहे असं कुणी म्हटलं नाही. गर्दी! भाओजी, ऐकताय ना?

मग १९८४. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं एनसीएएविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेली आणि ७-२ ने जिंकली. टीव्हीचे हक्क ज्याचे त्याला. विरोधात निकाल लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट एकेकाळचे कॉलेज फुटबॉलचे मोठे स्टार होते, हा एक मजेशीर योगायोग. कायदा म्हणून बहुमताचा निकाल मला पटतो, कुणी एकाने सगळ्यांचं टीव्ही प्रक्षेपण अडवून धरायचं काही कारण नव्हतं. पण त्यानंतर एक ढोंग उरलं नाही: श्रीमंतांनी गरिबांसोबत राहायचं कारण आता पैसा नव्हता. कारण होतं फक्त ते पांघरूण. आजही कॉलेज फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या थराचं विजेतेपद एनसीएए देतच नाही, ती प्लेऑफ वेगळी संस्था चालवते आणि ते पैसे तिकडेच राहतात. एनसीएएचं घर चालतं ते मुख्यतः मार्चमधल्या बास्केटबॉल स्पर्धेवर. त्यातून डिव्हिजन थ्रीचा ठरलेला वाटा ३.१८ टक्के, टूचा ४.३७. आणि थ्रीमध्ये कॉलेजं किती? सव्वाचारशेहून जास्त, तिन्हींत सर्वांत मोठी डिव्हिजन, सुमारे दोन लाख खेळाडू.

मुलींची गोष्ट तर ह्याहून भारी. १९७२ मध्ये टायटल नाइन कायदा आला, शिक्षणात मुलगा-मुलगी भेद नको. एनसीएएने त्याविरुद्ध जोरदार लॉबिंग केलं, पुढे कोर्टातही गेले. मुलींचे खेळ तेव्हा एआयएडब्ल्यू नावाची संस्था चालवायची, १९७१ पासून, बायकांनी उभी केलेली आणि बायकांनीच चालवलेली. तिला सुरुवातीला खेळाच्या शिष्यवृत्त्या नकोच होत्या. पुरुषांचं जे झालंय ते आमच्याकडे नको, हे त्यांचं म्हणणं. १९७३ मध्ये एका खटल्यामुळे तो नियम सोडावा लागला, कारण मुलांना पैसे मिळतात आणि मुलींना नाहीत हाही अन्यायच. पुढे मुलींच्या खेळात पैसा दिसू लागल्यावर एनसीएएला अचानक प्रेमाचा उमाळा आला. आधी १९८० मध्ये डिव्हिजन टू आणि थ्रीच्या मुलींच्या स्पर्धा मंजूर केल्या, वर्षभराने वनच्या. एआयएडब्ल्यू बंद पडली. इथेही दारात पाय घालायला धाकट्या डिव्हिजन्सच कामाला आल्या.

आता शिकागोबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शिकागो विद्यापीठ म्हणजे बिग टेनच्या संस्थापकांपैकी. अलोन्झो स्टॅगसारखा कोच. हाइझमन हा कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान, तो १९३५ साली पहिल्यांदा मिळाला तो ह्यांच्याच जे बरवॅन्गरला. १९३९ मध्ये ते मिशिगनकडून ८५-० हरले, आणि त्याच वर्षी अध्यक्ष रॉबर्ट हचिन्सनी फुटबॉलच बंद करून टाकला. स्टॅग फील्ड रिकामं पडलं. त्याच्या प्रेक्षक-स्टँडखालच्या कोर्टात २ डिसेंबर १९४२ ला एन्रिको फर्मीच्या टीमने जगातली पहिली नियंत्रित अणु-साखळी प्रक्रिया करून दाखवली. १९४६ मध्ये विद्यापीठ बिग टेनमधून बाहेर पडलं. फुटबॉल १९६९ मध्ये परत आला, साध्या रूपात, आणि आज शिकागो डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतं. थ्रीच्या फुटबॉल फायनलचं नाव स्टॅग बोल. आता भाओजींनी "लोकांना काय सांगायचं" म्हणून विचारलंय, तर हे सांगा की!

नाही, डिव्हिजन थ्री म्हणजे संतांची वारी आहे असं माझं म्हणणं नाही. तिथेही बनेलपणा आहे. नामवंत महागड्या कॉलेजांत खेळाच्या जोरावर अ‍ॅडमिशन सोपी होते, शुलमन आणि बोवेन ह्यांनी २००१ च्या पुस्तकात हे आकडेवारीनिशी मांडलंय, आणि त्यात स्क्वॉश, रोइंग वगैरे खेळ असले की फायदा कुणाच्या पोरांना होतो हे सांगायला नको. कित्येक छोटी कॉलेजं वर्ग भरायला म्हणून भराभर संघ वाढवतात, कारण शिष्यवृत्ती द्यायची नाही आणि फी तर येते. जॉन्स हॉपकिन्ससारखी काही कॉलेजं थ्रीमध्ये राहून एकेक लाडका खेळ वनमध्ये खेळतात, त्यांचा लॅक्रॉस बघा. २००४ मध्ये त्यांची ही सवलत काढायचा प्रयत्न झाला, तो मतदानात हाणून पाडला. आणि मिनेसोटातल्या सेंट थॉमसने एकदा शेजाऱ्याला फुटबॉलमध्ये ९७-० हरवलं, शेवटी २०१९ मध्ये लीगच म्हणाली, बाबांनो तुम्ही जा. ज्या लीगच्या स्थापनेत ते होते तिथून! २०२१ मध्ये ते थेट थ्रीमधून वनमध्ये गेले. म्हणजे मधल्या पायऱ्या चढायच्या असतात असंही काही नाही.

पण फरक एक आहे. थ्रीमधला मुलगा उद्या म्हणाला की मला नाही पोहायचं, तर त्याची फीमाफी जात नाही. वरच्या डिव्हिजनमध्ये वर्षानुवर्षं शिष्यवृत्ती कोचच्या मर्जीवर दरवर्षी नवी व्हायची. तिला मी नोकरी म्हणतो, आणि नोकरी असेल तर पगार द्या. तिथे माझं अजिबात भांडण नाही. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ९-० ने एनसीएएला फटकारलं, त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमावता येऊ लागलं, आणि ६ जून २०२५ ला जो समझोता मंजूर झाला त्यात जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर, आणि पुढे प्रत्येक कॉलेज वर्षाला साधारण २ कोटी डॉलरपर्यंत थेट खेळाडूंमध्ये वाटू शकतं. छान झालं. सत्तर वर्षं उशिरा, पण छान. मात्र हे पैसे बहुतेक जाणार फुटबॉल आणि बास्केटबॉलला. आणि समझोत्यात शिरलेल्या कॉलेजांत शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेऐवजी संघातल्या डोक्यांची मर्यादा आली, त्यामुळे बिनपैशांनी संघात घुसलेल्या, नुसत्या हौसेने पोहणाऱ्या पोरांना नारळ मिळाला.

म्हणजे वनमध्ये पोहणाऱ्या मुलीला काय मिळतं? जुन्या पद्धतीत वनमध्ये मुलींच्या पोहण्याला एका कॉलेजला १४ शिष्यवृत्त्या, त्याही तुकडे करून अख्ख्या संघात वाटायच्या. वरून प्रवास. २०२४ पासून स्टॅनफर्ड आणि बर्कली कुठल्या लीगमध्ये आहेत ठाऊक आहे? अटलांटिक कोस्टमध्ये! कॅलिफोर्नियात बसून! फुटबॉलच्या टीव्ही करारापायी पॅसिफिकची जुनी लीग फुटली आणि पोहणारी, धावणारी, व्हॉलीबॉलवाली सगळी पोरं फरफटत गेली. नकाशा तरी उघडून बघायचा होता.

माझं म्हणणं एवढंच की फुटबॉलची फाळणी फुटबॉलपुरती करा. त्याची वेगळी कंपनी काढा, पगार द्या, विमा द्या, युनियन होऊ द्या. डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी मार्च २०२४ मध्ये १३-२ मतांनी युनियन करायचं ठरवलंही होतं, वर्षअखेरीस तो अर्ज मागे घ्यावा लागला. बाकीच्या खेळांना पुन्हा शेजारच्या गावाशी खेळू द्या. आणि आकडे काढून टाका. एक-दोन-तीन म्हटल्यावर जगातला प्रत्येक बाप तीनला नाक मुरडणार.

माझं इंजिनीयरिंग कॉलेज आठवतं. दरवर्षी जिमखाना फी घ्यायचे, पावतीसकट. जिमखाना म्हणजे एक कॅरम बोर्ड, तीन सोंगट्या गायब, आणि कुलूप. आम्ही कुठल्याच डिव्हिजनमध्ये नव्हतो. त्यामुळे सतरा वर्षांच्या पोरीला कुणी कोच स्वतः पत्र लिहून "ये, आमच्याकडे पोह" म्हणतो, ह्याचं मला जे वाटतं ते भाओजींना वाटणार नाही कदाचित.

थ्रीमध्ये पोहणं कच्चं असतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: ओहायोत केन्यन नावाचं एक छोटं कॉलेज आहे. त्यांच्या मुलांनी १९८० ते २०१० सलग ३१ वर्षं डिव्हिजन थ्रीचं विजेतेपद जिंकलं, तिन्ही डिव्हिजन्समध्ये कुठल्याही खेळात असं कुणी केलेलं नाही. २०११ ला जवळच्याच एका छोट्या कॉलेजने त्यांना हरवलं. ५००.५ विरुद्ध ४९९.५. एका गुणाने.

हे मी रविवारी भाचीला फोन करून सांगितलं. ती शांतपणे ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मामा, मी त्या कोचना विचारलं, प्रॅक्टिस किती वाजता असतं म्हणून. सकाळी सहाला."

"मग?"

"म्हणजे दीड तास जास्त झोप!"

ताईने अजून फॉर्म भरलेला नाही. भाओजी म्हणतात बघू.